नमस्कारव्रती राजा : औंधकर श्रीमंत भवानराव पंतप्रतिनिधी

माघ शुद्ध सप्तमी, अर्थात रथसप्तमी. सात अश्वांच्या रथावर आरूढ होऊन भगवान सूर्यनारायण उत्तरेकडे निघाले, त्यांच्या पूजनाचा हा पुण्यदिवस. आज घरोघरी अंगणात तुळशीपाशी रथाची रांगोळी रेखिली जाईल, गोवऱ्यांच्या विस्तवावर बोळक्यातून दूध उतू जाऊ दिले जाईल, रुईची पाने मस्तकी धरून स्नान होईल आणि संक्रांतीपासून चाललेल्या हळदीकुंकवाची आज सांगता होईल. अशा दिवशी ज्या एका सूर्योपासकाचे स्मरण महाराष्ट्राने अवश्य करावे असे आम्हांस वाटते, त्याचे चरित्र वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे. हा उपासक कोणी अरण्यवासी तपस्वी नव्हता. तो एका संस्थानाचा अधिपती होता, चित्रकार होता, ग्रंथकार होता, आणि आम्हां कीर्तनकारांना अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे तो स्वतः उभा राहून कीर्तन करीत असे. औंधचे राजे श्रीमंत भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी ते हेच.

सातारा जिल्ह्यातील औंध हे श्री यमाईदेवीचे क्षेत्र. डोंगरावर देवीचे मूळपीठ आणि पायथ्याशी गाव, अशी तिथली रचना. छत्रपती राजाराम महाराजांनी जिंजीच्या बिकट काळात जे प्रतिनिधिपद निर्माण केले, ते पुढे किन्हईच्या परशुराम त्रिंबक यांच्या घराण्यात स्थिरावले आणि त्याच घराण्याची गादी औंधास नांदू लागली. या कुळात २४ ऑक्टोबर १८६८ रोजी भवानरावांचा जन्म झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून ते बी. ए. झाले. संस्थानिकांच्या मुलांनी शिकारीत व मेजवान्यांत आयुष्य घालवावे असा तो काळ. त्या काळात हा राजपुत्र संस्कृत काव्यात, चित्रकलेत आणि व्यायामात रमला. घराण्यातील वारशाच्या अनेक उलथापालथी होऊन १९०९ साली ते गादीवर आले, तेव्हा वयाची चाळिशी उलटली होती.

त्यांच्या व्यायामनिष्ठेची कथा मोठी उद्बोधक आहे, आणि तिचा आरंभ परदेशी साधनांनी होतो, हे ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. त्या काळी युरोपात युजेन सँडो नामक बलवंताचे नाव गाजत होते. स्नायू पिळदार कसे करावेत, कोणत्या अवयवास कोणता व्यायाम द्यावा, याची त्याने पद्धती बसविली होती व तिची पुस्तके आणि साधने तो जगभर विकीत असे. भवानरावांनी १८९७ च्या सुमारास ही साधने आणविली आणि सुमारे दहा वर्षे नेमाने त्या पद्धतीचा अभ्यास केला. त्यांनी ती पद्धती पुरती अनुभवली आणि मगच तिचा गुणदोष ठरविला. परीक्षेवाचून स्वीकार नाही आणि परीक्षेवाचून त्यागही नाही, हा त्यांचा स्वभाव आयुष्यभर दिसतो.

पुढे १९०८ च्या सुमारास, मिरजेच्या अधिपतींचा आदर्श समोर ठेवून, त्यांनी सूर्यनमस्कारांचा नेम धरला. यंत्र नको, जागा साडेतीन हातांची पुरे, खर्च कवडीचा नाही, आणि बलाबरोबर उपासनाही घडते, ही या व्यायामाची थोरवी त्यांस पटली. तो नेम त्यांनी देह पडेपर्यंत सोडला नाही. राज्यकारभार असो, प्रवास असो, उत्सव असो, पहाटेचे नमस्कार झाल्यावाचून त्यांचा दिवस सुरू होत नसे.

येथे शास्त्राची एक गोष्ट स्पष्ट करणे आम्हांस आवश्यक वाटते. सूर्यास अर्घ्य व नमस्कार घालणे हा आपला प्राचीन आचार आहे. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील पन्नासाव्या सूक्ताच्या अखेरीस ज्या तीन ऋचा आहेत, त्यांत उगवत्या मित्ररूप सूर्याकडे हृदयाचा रोग व शरीराचा पिवळेपणा दूर करण्याची प्रार्थना आहे. या तीन ऋचा, ह्रांकारादी सहा बीजाक्षरे आणि मित्रापासून भास्करापर्यंतची बारा नामे यांच्या योगाने घालावयाचे जे नमस्कार, त्यांस तृचाकल्प नमस्कार म्हणतात. वैदिक घरांतून ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. तथापि आज शाळेच्या पटांगणावर आपण पाहतो तो ठराविक आकड्यांचा, तालबद्ध व्यायाम वेदांत जसाच्या तसा सांगितला आहे असे म्हणणे धाडसाचे होईल. उपासनेचा धागा प्राचीन. त्याला आधुनिक व्यायामाची शिस्तबद्ध वीण घालून घरोघरी पोहोचविण्याचे श्रेय मुख्यतः औंधकरांचे. खरे ते सांगितल्याने परंपरेचे तेज उणे होत नाही.

भवानरावांनी नमस्काराच्या दहा अवस्था मांडल्या. प्रथम छातीशी हात जोडून ताठ उभे राहावे. मग गुडघे न वाकविता खाली वाकून दोन्ही तळहात भूमीवर टेकावे. एक पाय मागे न्यावा, मग दुसरा न्यावा. त्यानंतर कपाळ, छाती, दोन तळहात, दोन गुडघे आणि दोन पायांची बोटे अशी आठ अंगे भूमीला लागावीत. मग छाती उचलून मान मागे न्यावी, आणि ज्या क्रमाने गेलो त्याच्या उलट क्रमाने परत उभे राहावे. यात एकदा टेकलेले तळहात जागचे हलू द्यावयाचे नाहीत, हे मर्म.

वरवर पाहता हा नुसता वाकण्याचा खेळ वाटतो. परंतु विचार केला असता असे दिसते, की साष्टांगाच्या अवस्थेत शरीर खाली नेताना आणि पुन्हा उचलताना आपल्या देहाचा भार दंड, खांदे व छाती यांना पेलावा लागतो. पोटाचे स्नायू मध्यभाग सावरून धरतात, मांड्या व पोटऱ्या ताणल्या जातात, आणि श्वासास नियम लागतो. तालमीत मल्ल जोर काढतो त्याचेच हे सौम्य रूप होय. आपल्याच देहाचे वजन हे येथे मुद्गल आणि आपली नित्यता हा येथे वस्ताद.

राजाने हे व्रत स्वतःपुरते ठेविले नाही. संस्थानच्या शाळांतून मुलामुलींना सूर्यनमस्कार सक्तीचे केले. राणीसाहेब आणि राजपुत्र-राजकन्या हेही नमस्कार घालीत. स्त्रियांनी व्यायाम करणे म्हणजे काहीतरी विपरीत, असे मानणाऱ्या त्या दिवसांत राजवाड्यातील स्त्रिया पहाटे नमस्कार घालतात, ही वार्ताच मोठा उपदेश होती. १९२० नंतरच्या दशकात त्यांनी या विषयावर पुस्तक लिहिले, चित्रे व तक्ते काढविले, चित्रपटाच्या रूपानेही नमस्कारांचे दर्शन घडविले. १९३६ साली ते विलायतेस गेले असता, सदुसष्ट वर्षांच्या या राजाची तुकतुकीत कांती आणि ताठ कणा पाहून लुईस मॉर्गन नामक पत्रकार बाई चकित झाल्या. त्यांनी वृत्तपत्रात लेख लिहिले, आणि १९३८ साली त्यांच्या संपादनाने राजेसाहेबांचे इंग्रजी पुस्तक लंडनहून प्रसिद्ध झाले. सँडोची साधने विलायतेहून औंधास आली होती. तीस-चाळीस वर्षांनी औंधचे नमस्कार विलायतेस गेले. देवघेव म्हणतात ती ही.

व्यायामाइतकाच त्यांचा कटाक्ष आहारावर होता. नमस्कार घालून वर वाटेल ते खाणे म्हणजे एका हाताने दिवा लावून दुसऱ्या हाताने विझविणे, हे त्यांनी ओळखिले होते. पांढऱ्याशुभ्र सडलेल्या तांदुळापेक्षा हातसडीचा तांदूळ, कोंड्यासकट दळलेली कणीक, दूध-दही-ताक, फळे, मोडाची कडधान्ये आणि कच्च्या भाज्या यांचा त्यांनी पुरस्कार केला. चहा, कॉफी, तंबाखू व मद्य यांचा निषेध केला. साखरेचा हव्यास सोडावा, घास नीट चावून खावा, भूक नसता तोंड चालवू नये, असे ते सांगत. भगवंतांनी गीतेच्या सहाव्या अध्यायात आहारविहाराचे प्रमाण आणि सतराव्यात आहाराचे तीन प्रकार सांगितले, ते पोथीत न ठेवता ताटात उतरविण्याचा हा प्रयत्न होता.

अशा मनुष्याविषयी शंका येते ती ही, की हा देहाच्याच कौतुकात गुंतला असेल काय? त्यांचे उरलेले चरित्र या शंकेचे उत्तर देते. १९१६ साली त्यांनी चित्ररामायण प्रसिद्ध केले. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली, तिला त्यांनी एक लक्ष रुपयांचे वचन दिले आणि ग्रंथाकरिता चित्रेही काढिली. १९१८ च्या सुमारास वेदमूर्ती श्रीपाद दामोदर सातवळेकर यांना त्यांनी औंधास आश्रय दिला. तेथे स्वाध्याय मंडळ उभे राहिले आणि वेदांचे मुद्रण झाले. पंडितजी स्वतः आसने व नमस्कारांचे अभ्यासक. त्यांनी वयाची शंभरी ओलांडून १९६८ साली देह ठेविला. लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी १९१० साली ओसाड माळ देणारे हेच राजे. १९३५ साली इंदूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष तेच. यमाईच्या डोंगरावरील श्रीभवानी संग्रहालय त्यांनी १९३८ साली उभारले. आणि देवीच्या उत्सवात हा छत्रपतींचा प्रतिनिधी, राजचिन्हे बाजूस ठेवून, नारदांच्या गादीवर उभा राहत असे.

पण त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठा नमस्कार आमच्या मते निराळाच आहे. १९३९ साली त्यांनी आपल्या ७२ गावांच्या संस्थानाची सत्ता रयतेच्या स्वाधीन केली. पुत्र अप्पासाहेब पंत आणि पोलंडहून आलेले अभियंता मॉरिस फ्रिडमन यांच्या साहाय्याने, महात्मा गांधींच्या सल्ल्याने नवी घटना झाली. गावाने पंचायत निवडावी, पंचायतीने कारभार करावा, राजाने साधेपणाने राहावे, अशी ती योजना. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे बंदीजनांची भिंतीवाचून वसाहत झाली. तिच्यावरून पुढे शांताराम बापूंना ‘दो आँखें बारह हाथ’ या १९५७ च्या चित्रपटाची प्रेरणा मिळाली. नमस्कारात मस्तक जमिनीला लावावे लागते. तीस वर्षे रोज पहाटे ज्याने मस्तक भूमीस लाविले, त्यास सत्तरीत सिंहासनावरून उतरणे जड गेले नाही, असा अर्थ आम्ही या घटनेचा लावितो. १९४८ साली संस्थान विलीन झाले आणि १९५१ साली, ८२ वर्षांचे कृतार्थ आयुष्य भोगून, राजेसाहेब सूर्यलोकी गेले.

आता या चरित्रातून आपण आज काय घ्यावे? येथे आमचाच दोष सांगितल्यावाचून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. आमचे आयुष्य कीर्तनात गेले. रात्री उशिरा कीर्तन संपावे, यजमानांनी आग्रहाने पंक्तीस बसवावे, शिरा-जिलबीचा प्रसाद व्हावा, दिवसा कितीदा तरी चहा व्हावा, आणि व्यायामाचे नाव निघताच देह नश्वर आहे असे वेदान्ताचे पांघरूण घ्यावे, असा आमचा क्रम होता. साठी उलटल्यावर एके दिवशी गाभाऱ्यासमोर साष्टांग नमस्कार घातला, आणि उठता येईना. खांबाला धरून उठलो. ज्या देहाने देवास नमस्कार करावयाचा, तो देह नमस्कारापुरताही उरला नाही, या विचाराने त्या दिवशी आम्ही फार खजील झालो. वैद्यकीय तपासणीत कळले, की वजन तरुणपणी होते त्याहून विशेष वाढलेले नाही. पण दंड-मांड्यांचे मांस झडले होते आणि त्याच्या जागी पोटाभोवती मेद साठला होता. तागडीतला आकडा तोच, आतला माल बदललेला!

आजचे शास्त्र हेच सांगते. मध्यम वयानंतर, वापर नसेल तर, स्नायू हळूहळू क्षीण होत जातात आणि मेद त्यांची जागा घेतो. म्हणून नुसते वजन पाहू नये, कंबरेचा घेरही पाहावा. आपल्याकडे पुरुषाचा घेर ९० सेंटिमीटरच्या व स्त्रीचा ८० सेंटिमीटरच्या आत असावा असे मानतात. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांस आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि त्याखेरीज निदान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सांगितला आहे. नमस्कारांत हे दोन्ही अंशतः साधते. मात्र त्यांत ढकलण्याचे काम आहे, ओढण्याचे नाही. पूर्वी रहाटाचे पाणी ओढणे, जाते ओढणे यांतून ती उणीव भरून येई. आता रहाट गेले, जाती गेली; म्हणून भरलेली कळशी वा पिशवी कंबरेपर्यंत ओढून उचलणे, आणि मांड्यांसाठी बैठका, यांची जोड द्यावी हे बरे.

स्नायूंना कामाबरोबर अन्नही लागते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने प्रौढ माणसास देहाच्या प्रत्येक किलोमागे रोज सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने सांगितली आहेत. म्हणजे ६० किलोच्या माणसास ५० ग्रॅमच्या आसपास. आपल्या शाकाहारी घरांत भात-पोळीच्या मानाने वरण पातळ आणि उसळ चमचाभर, अशी पानाची मांडणी असते. ती बदलावी. वरण घट्ट असावे, रोज एखादी मोडाची उसळ, वाटीभर दही, ताक, दूध असावे. उपवासाचाही विचार करावा. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्याची तुपात न्हालेली खिचडी दोनदा खाऊन घडतो तो उपवास कसला? राजगिरा, दूध, फळ, मूठभर शेंगदाणे यांवर केलेला उपवास देवासही रुचेल आणि देहासही.

आणखी एक सांगणे कर्तव्य आहे. राजेसाहेबांची नमस्कारांवर इतकी श्रद्धा होती, की बहुतेक सर्व व्याधींवर ते हाच उपाय सांगत. तेवढ्या मर्यादेपर्यंत आपण जाऊ नये. रक्तदाब, हृदयविकार, गुडघ्याचे वा पाठीचे दुखणे असणाऱ्यांनी आणि गर्भवती स्त्रियांनी आधी वैद्यांस विचारावे. औषध चालू असेल ते नमस्कारांच्या भरवशावर सोडू नये. आणि आज सणाच्या उत्साहात एकदम १०८ नमस्कार घालून उद्या अंथरूण धरू नये. आम्ही तीनने आरंभ केला; सहा महिन्यांनी बाराच्या बारा नामांवर पोहोचलो. चमत्कार झाला नाही. पोट थोडे उतरले, रात्रीचा शिरा बंद झाला, आणि पुढच्या वर्षी गाभाऱ्यासमोर खांबाचा आधार न घेता उठलो. आम्हांस एवढे पुष्कळ आहे.

महाकवी कालिदासांनी कुमारसंभवात एक प्रसंग रंगविला आहे. पार्वती घोर तप करीत असता बटुवेषधारी शंकर येतात, आणि तिच्या तपाची चौकशी करताना, शक्तीच्या प्रमाणात तप करतेस ना, असे विचारून शरीर हेच धर्माचे पहिले साधन असल्याची आठवण देतात. जगदंबेलाही जी आठवण द्यावी लागली, ती आपणांस कोणी दिली तर राग का मानावा? देह मंदिर आहे असे आपण म्हणतो. मग मंदिराचा जीर्णोद्धार हीही सेवाच.

तेव्हा वाचकहो, आज दूध उतू जाऊ द्या, अर्घ्य द्या, आणि त्यानंतर पूर्वेकडे तोंड करून घरातील लहानथोरांसह, माताभगिनींसह, शक्तीप्रमाणे तीन का होईना, नमस्कार घाला. उद्या अष्टमीलाही घाला. व्रताची परीक्षा सप्तमीला होत नाही, अष्टमीला होते. औंधच्या डोंगरावर यमाईसमोर उभ्या राहिलेल्या त्या राजाने हे व्रत चाळीस वर्षे सांभाळिले. भगवान सूर्यनारायण आपणां सर्वांस निदान पुढच्या रथसप्तमीपर्यंत ते सांभाळण्याचे बळ देवोत, एवढीच त्यांच्या चरणी प्रार्थना.